शिक्क्याच्या करंज्या

समस्त भावकी, शेजारपाजार, तसेच आमच्या दारात नेमानं हजेरी लावणारी दोन मांजरं यांस कळविण्यात येते की, यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी तळण चालू असताना तात्या या इसमास स्वयंपाकघरात शिरण्यास, उंबऱ्यावर रेंगाळण्यास, खिडकीतून डोकावण्यास आणि कढईविषयी कोणतेही मत व्यक्त करण्यास सक्त मनाई आहे. हुकूम मोडल्यास चकली मिळणार नाही. हुकमावरून, शालन.

तात्या म्हणजे मी. शालन म्हणजे माझी बायको. हुकूम तोंडी आहे, पण आमच्या घरात तोंडी हुकूम दगडावर कोरलेले असतात. आज सकाळी तिनं सुक्या खोबऱ्याची वाटी किसणीवर धरली, पहिला खर्रर्र आवाज निघाला आणि त्याच तालावर, माझ्याकडं न बघता, तिनं हुकूम जाहीर केला. मी अपील केलं नाही. बाहेरच्या सोप्यात खुर्ची टाकली आणि भिंतीपलीकडून येणारे वास मोजायला लागलो. वासावर बंदी घालायचं अजून तिला सुचलेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या विट्याकडच्या भागात हवा अशी काही होते की माणसाला आपोआप भूक लागते. दुपारचं ऊन अजून टोचत असतं, पण पहाटे पायाशी लोळणारी चादर कुणीतरी गळ्यापर्यंत ओढून घेतं. छाटलेल्या द्राक्षबागांना नवी पोपटी पालवी फुटलेली असते, शाळू वितीएवढा झालेला असतो. गल्लीतली पोरं किल्ल्यासाठी माती पळवतात आणि आपलाच बांध उकरला गेलाय हे मालकाला चार दिवसांनी कळतं. अशात कुठल्यातरी घरातून भाजत्या खसखशीचा वास येतो. मग माझं काही खरं नाही. मी सरळ तीन वर्षं मागं जातो आणि स्वराच्या करंज्यांपाशी जाऊन बसतो.

पण त्याच्याही मागं एक वास आहे, तो आधी सांगितला पाहिजे. माझ्या लहानपणी करंज्या घरात होत नसत, गल्लीत होत. आज आमच्याकडं, उद्या पलीकडच्या अण्णांकडं, परवा कोपऱ्यावर. बायका आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायच्या, गोल बसायच्या, आणि लाटण्यांपेक्षा तोंडं जोरात चालायची. आम्हा पोरांना फक्त भरलेल्या कच्च्या करंज्या परातीत मांडून ओल्या फडक्याखाली झाकायचं काम. फडक्याखाली हात घालून एखादी चाचपून बघितली तर फटका. आणि सगळ्यांवर एक नियम होता: तळणीपाशी तेलाचं नाव काढायचं नाही. तेल किती लागलं, तेल किती उरलं, तेल पितंय का, हे असलं काही कढईसमोर बोललं की तळण बिघडणार म्हणजे बिघडणार. एकदा एका बिचाऱ्या पाहुण्यानं दारातनंच विचारलं, "तेल लय लागत आसंल, न्हाई का?" माझ्या चुलतीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मूठभर मीठमोहऱ्या घेतल्या, कढईवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. पाहुणा चहा न पिता गेला.

हा नियम मला तेव्हापासून पाठ आहे. तरीही त्या वर्षी मी तो मोडला. पुढं येईलच ते.

आमच्याकडं घरटी एखादा माणूस गलाईला गेलेला असतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. दक्षिणेतल्या कुठल्याही शहरात सराफांच्या दुकानांमागं एक अरुंद बोळ असतो, त्या बोळात एक भट्टी असते आणि भट्टीपाशी घाम पुसत बसलेला माणूस हमखास आमच्याकडचा निघतो. माझा धाकटा भाऊ सुनील असाच मदुराईत असतो. त्याची बायको वैशाली, सात वर्षांची स्वरा आणि चार वर्षांचा शंभू ही मंडळी त्या वर्षी दिवाळीला पुढं आली होती, सुनील मागनं येणार होता. पोरं तिकडंच वाढलेली, पण घरात आमचीच भाषा, त्यामुळं बोलतात ती अस्सल गावाकडचं. फक्त काही मोजायचं झालं की तमिळ सुरू होतं.

एके दिवशी सुनीलचा फोन आला. हाताखालचा माणूस आजारी पडून गावी गेला होता, ऐन सणात दुकान कुणावर सोडणार? यंदा येणं जमत नाही. स्वरानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, आदळआपट केली नाही. फोन आईच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून बापाशी बोलणं बंद.

"स्वरा, पप्पांचा फोन हाय बघ."

"त्यास्नी सांगा, स्वरा गावाला गेलीय."

"आगं, गावालाच तर आलीयस तू!"

"मग सांगा, मळ्यात गेलीय."

हे एवढ्या मोठ्यानं की मदुराईत बिनफोनचं ऐकू जावं. तिकडं सुनील हसायचा. तिसऱ्या-चौथ्या फोनला तर त्यानं तिला बोलवा असं म्हणणंही सोडलं. नुसतं विचारायचा, "जेवली का ती?"

बायकांच्या राजकारणाला तोड नाही. शालननं एका सकाळी खोबरं किसता किसता, कुणालाच उद्देशून नाही असं म्हटलं, "मदुराईला डबा धाडायचाय. सांजच्याला ट्रॅव्हल्स हाय. आता एवढ्या करंज्या माझ्या एकटीच्यानं कशा व्हायच्या?"

आमच्या भागातून दक्षिणेत जाणाऱ्या गाड्यांचं दिवाळीत एक गंमतीचं गणित असतं. तिकडून माणसं भरून येतात आणि परत जाताना डबे भरून जातात. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गावातली सगळी आई-आजी मंडळी स्टीलच्या रूपात बसलेली असते.

स्वरा भिंतीला टेकून उभी होती. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पण जाणार?"

"जाणार की."

"मी केलेल्या?"

"तू केलेल्या."

ती हात धुवायला पळाली. बोलणार नव्हती, पण करंजी पाठवणार होती. वैशालीनं पदरानं डोळ्याची कड पुसली आणि माझ्यावर खेकसली, "भावजी, खसखस करपंल, लक्ष द्या!" खसखस माझ्याकडं नव्हतीच.

त्या सकाळचं स्वयंपाकघर मला अजून असंच्या असं दिसतं. ओट्यावर बसायला जागा नाही म्हणून सगळा कारखाना खाली जमिनीवर. वैशाली पाऱ्या लाटतेय, शालन सारण भरतेय, मध्ये पोरं. शंभूचं सगळं उलटं. चमच्यानं सारण तोंडात आणि बोटानं करंजीत. त्याच्या हातून ज्या वस्तू तयार झाल्या त्यांत एक उशी होती, एक पायताण होतं आणि एका वस्तूचं नाव विचारल्यावर त्यानं "जेसीबी" असं सांगितलं. स्वराचं मात्र वेगळं. जीभ दातांत धरून, भुवया आवळून, एकेक चुणी ती अशी काही घालत होती की मला सुनील आठवला. वितळलेलं सोनं साच्यात ओतताना त्याची जीभ अशीच दातांत असते. करंजी मिटली की ती परातीत ठेवायची आणि हळूच मोजायची, "ओण्णु... रेंडु... मूणु..."

मध्येच तिचा हात थांबला. तिनं शालनकडं बघितलं.

"मोठीआई, पण पप्पास्नी कसं कळणार, कुठली माझी?"

"बापाला कळतंय गं बाळा."

"कसं पण?"

मोठ्या माणसांकडं उत्तर नसलं की ती म्हणतात, हात चालव. शालन म्हणाली, "हात चालव."

पोरांबरोबर फराळ करायचा म्हणजे काय, यावर मी पुष्कळ विचार केलेला आहे, कारण मला दुसरं काम दिलं जात नाही. एकटी बाई जे काम तासाभरात उरकते, त्याला दोन पोरं हाताशी घेतली की दुपार होते. कणीक केसांत जाते, पिठीसाखरेवर मुंग्यांच्या आधी पावलं उमटतात. तरीही कुठलीच आई पोरांना पूर्णपणे हाकलत नाही. लाटलेली पारी त्या इवल्या तळव्यावर ठेवताना बायकांच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते एरवी फक्त देवापुढं हात जोडताना येतं. मी हे शालनला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमी पीठ चाळा."

तर त्या दिवशी शालनच्या हातून एक चूक झाली आणि ती निव्वळ प्रेमानं झाली. स्वराच्या करंज्यांच्या कडा जाडजूड राहिल्या होत्या. पोरीची करंजी तिथं दुकानात चार माणसांसमोर निघणार, ती देखणी दिसावी म्हणून शालननं नक्षीचं कातण घेतलं आणि परातीतल्या सगळ्याच करंज्यांवरून फिरवलं. सगळ्यांना एकसारख्या नागमोडी कडा. स्वरा पाणी पिऊन परत आली आणि परातीकडं बघत राहिली. तिची कुठली, मोठीआईची कुठली, काही कळेना. शालननं वर ओलं फडकं टाकलं आणि आम्ही जेवायला बसलो.

आता इथं एक धंद्यातली गोष्ट सांगतो. गलाईच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचं सोनं दुसऱ्याच्या सोन्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक लगडीवर खूण ठोकतात. वितळलं की सगळं सोनं सारखंच दिसतं, मग ओळखणार कशावरून? स्वरा लहानपणापासून हे बघत आलेली. जेवणं झाली, बायका घटकाभर पाठ टेकायला गेल्या, तेव्हा ती उठली. आईच्या बांगड्यांना अडकवलेली एक सेफ्टी पिन तिनं हळूच काढून घेतली. फडकं बाजूला केलं. आणि परातीतल्या प्रत्येक करंजीच्या पोटावर टोच टोच टोच टोच टोच, पाच ठिपक्यांचा शिक्का मारला. आपली कुठली ते ओळखू येत नव्हतं, म्हणून सगळ्यांवरच. मदतनीस म्हणून शंभू होता. त्यानं जिथं जागा दिसली तिथं मारले.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. मी दुपारची वामकुक्षी आटपून, जगाविषयी अत्यंत प्रेम बाळगून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. कढई तापली होती. शालननं पहिल्या करंज्या सोडल्या. बायको घामेजलेली, पोरं टक लावून बसलेली, सोनेरी उजेड. माझं मन भरून आलं. काहीतरी आपुलकीचं बोलावं म्हणून मी म्हणालो,

"काय गं, तेल लय पितंय का?"

माझं वाक्य संपायला आणि पहिली करंजी फुटायला एकच गाठ पडली.

फुटली म्हणजे काय, फुस्स करून पोटातलं सगळं सारण तिनं तेलात ओकलं. मागोमाग दुसरी. मग तिसरीनं तर शिट्टीच मारली. कढईभर काळं फेसाळ वादळ उठलं, खोबरं जळायचा वास घरभर सुटला. वैशाली पोरांना घेऊन मागं सरली. शालननं झारा हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण अशी नजर मी फक्त एकदाच बघितली होती; त्या चहा न पिलेल्या पाहुण्याच्या वेळी, चुलतीची.

"तोंड हाय का काय हाय तुमचं?"

"आगं मी नुसतं..."

"भाईर!"

मीठमोहऱ्या निघाल्या. कढईवरून उतरल्या, मग रीतीला धरून माझ्यावरूनही उतरल्या. मी अंगणात जाऊन तुळशीकट्ट्याशेजारी बसलो. आतून दुसऱ्या घाण्याची फुस्स, शिट्टी, फुस्स ऐकू येत होती. माझ्या एका वाक्यात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला.

तेवढ्यात शंभू एक कच्ची करंजी गाडीसारखी कट्ट्यावरून पळवत आला. मी ती हातात घेतली. तिच्या अंगावर भोकंच भोकं.

"शंभूशेठ, हे काय?"

"शिक्का," तो म्हणाला. "ताईनं मारला. मीबी मारला. माझं जास्त हायत."

आता माझ्यापुढं मोठा पेच. आत जाऊन सांगितलं तर मी सुटतो, पण पोरगी सापडते. गप्प बसलो तर परातभर करंज्या जळतात, आणि संध्याकाळी ट्रॅव्हल्स कुणासाठी थांबत नाही. मी उठलो. मनात एक छोटं, हृदयाला भिडणारं भाषण तयार केलं, ज्यात सगळा दोष मी स्वतःवर घेणार होतो. घसा खाकरून दारात पोचलो, तर आत स्वरा उभी. शालनसमोर, पिन हातात.

"तात्यांनी न्हाई केलं," ती म्हणत होती. "मी भोकं पाडलीत. शिक्का नसला तर पप्पास्नी कसं कळणार?"

माझं भाषण वाया गेलं. वैशालीचा हात वर गेला होता, तो शालननं मधेच धरला. गॅस बारीक केला. पिन घेतली, वैशालीच्या बांगडीला परत अडकवली. मग पोरीच्या समोर खाली बसली.

"सगळ्यांवर मारलास?"

"माझी कुठली ते दिसंना. तुमी कातण फिरवलं."

शालननं परातीकडं बघितलं. मग एकदम हसायलाच लागली. अशी हसली की डोळ्यांतनं पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

"चुकलं बाय माझं," ती म्हणाली. "शिक्का पायजेच. पर टोचायचा न्हाई, वरनं चिकटवायचा. ये हिकडं."

तेल गाळलं, नवी कणीक तिंबली, सारणाला उरलेलं खोबरं कमी पडलं म्हणून शेजारून वाटी आणली. घड्याळाकडं कुणी बघायचं नाही असं ठरलं आणि सगळे तिकडंच बघत होते. ह्या खेपेला स्वराच्या करंज्यांना कुणी हात लावला नाही. कडा जाड तर जाड. तिनं कणकेचे ज्वारीएवढे गोळे केले, दुधाचं बोट लावून आपल्या प्रत्येक करंजीच्या पोटावर एकेक ठिपका चिकटवला. तेलात काही ठिपके सुटले आणि बुडबुड्यांसारखे पोहत फिरले. ते शंभूनं वसुली केल्यासारखे गिळले. पण बरेच टिकले. गोऱ्या गालावर तीळ असावा तशा त्या करंज्या दिसत होत्या.

गाडीनं कोपऱ्यावर हॉर्न दिला तेव्हा शालन डब्याचं झाकण दाबत होती. मी डबा घेऊन पळालो. माझ्या वयाच्या आणि पोटाच्या माणसानं गल्लीतून असं पळणं ही त्या दिवाळीतली दुसरी आतषबाजी होती. ड्रायव्हर म्हणाला, "आवं तात्या, दमानं! करंज्याच हायत ना, का सोनं हाय?"

"शिक्क्याचं हाय," मी म्हणालो.

फुटलेल्या करंज्यांचं काय झालं? आम्ही खाल्ल्या. आतून रिकाम्या, बाहेरून तांबूस-काळ्या, चहात बुडवल्या की भोकांमधून चहा आत शिरायचा. जळक्या खोबऱ्याची किंचित कडसर चव. आज बाजारात बारा महिने तेरा काळ करंजी मिळते, पाकिटात, एकीसारखी दुसरी. मी ती घेतो, खातो, विसरतो. त्या भोकाच्या करंजीची चव मात्र मी कुठंही, कधीही सांगू शकतो. माझं असं मत झालंय की फराळ पोटासाठी नसतोच. कुणासाठी तरी हात चालवल्याचा तो पुरावा असतो. पोरांना हे उपजत कळतं, म्हणून ती विचारतात, माझी कुठली? आपण मोठी माणसं कातण फिरवत सुटतो.

यंदा स्वरा दहाची आहे. सकाळपासून आत ठाण मांडून आहे, शंभूला हुकूम सोडतेय, आणि मघाशी मी उंबऱ्याच्या दिशेनं नुसतं पाऊल उचललं तर तिनंच झारा दाखवला. सुनील काल रात्रीच्या गाडीनं आलाय आणि सोप्यात माझ्याच शेजारी, हद्दपारीत, घोरत पडलाय. पण मी अजून त्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीच आहे.

दिवे लागले होते. वैशालीनं फोन उभा धरला होता. पडद्यावर मदुराईचं दुकान: तराजूला झेंडूची माळ, कसोटीच्या काळ्या दगडाला हळदीकुंकू, भट्टी धुऊनपुसून थंड, आणि मागं दोन-चार ओळखीची माणसं नवे शर्ट घालून. स्वरा फोनसमोर यायला तयार नव्हती. आईच्या पाठीमागं, पदराच्या आड, एकच डोळा बाहेर.

सुनीलनं डबा उघडला. पोरीचं नावही घेतलं नाही. एक करंजी उचलली, उजेडात धरली, ठेवून दिली. दुसरी उचलली, ठेवून दिली. पदराआडचा डोळा मोठा होत चालला. तिसरी उचलली आणि तो थांबला. जाड कड, पोटावर ठिपका. त्यानं खिशातून सोनं तपासायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं. करंजी तराजूत ठेवली. मागची माणसं पुढं सरकली.

"माल एक नंबर हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "शिक्का आमच्या स्वराशेठचा. दुसऱ्या कुणाचा असूच शकत न्हाई."

पदराआडनं आता दोन्ही डोळे बाहेर आले होते, मग नाक, मग सगळीच पोरगी. तिकडं सुनीलनं भिंग खाली ठेवलं. ती करंजी दोन्ही हातांत धरली आणि तिच्याकडं बघत राहिला. नुसताच बघत राहिला. खाईना, ठेवीना, बोलेना. त्याची हनुवटी जरा हलायला लागली होती. मी मोठा भाऊ, मला कळलं. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्वरानं आईच्या हातातला फोन ओढून घेतला, तोंडाशी धरला आणि पंधरा दिवसांचं मौन एका दमात मोडून ओरडली,

"आवं पप्पा, बघत काय बसलाय, खावा की! संपल्या तर घरी या, हितं लय हायत!"